पाचवी वायर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाइतके जिने दुसरं कोणी चढत नाही, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. लिफ्ट चालू असते तेव्हा त्याला कोणी बोलावत नाही, आणि बंद पडते तेव्हा तिचं यंत्र असतं गच्चीवरच्या खोलीत. म्हणजे ज्या दिवशी सगळी इमारत पायऱ्या बघून कपाळाला हात लावते, त्या दिवशी हा बापडा त्याच पायऱ्या हत्यारांची पिशवी घेऊन चढतो. शिवाय वर पोचल्यावर कोणीतरी विचारतंच, इतका उशीर का केलात म्हणून.

मेकॅनिकनं हे अठ्ठावीस वर्षं केलं होतं. त्याला नाव होतं, पण त्याच्याकडच्या तीस इमारतींत ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्यालाही आता कोणी नावानं हाक मारली तर क्षणभर वळून बघावंसं वाटत नसे. वय त्रेपन्न. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, फक्त तो मंजूर झाला नव्हता. पूर्वी कामावर दोघं जात. एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं ते तपासायचं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं दुसऱ्या माणसाला नारळ दिला आणि त्याच्या जागी मोबाईलमध्ये एक ॲप दिलं. त्या ॲपमध्ये मेकॅनिक कुठे आहे ते साहेबांना कळे. तो काय विसरलाय ते मात्र त्यात दिसत नसे.

आणि विसरणं वाढलं होतं, हे त्याचं त्यालाही कळत होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यानं एका मशीनच्या खोलीची चावी आत ठेवून बाहेरून कुलूप ओढून घेतलं होतं. दिवसभर दोन लिफ्ट बंद राहिल्या. साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं होतं, की पुन्हा तुमच्या नावावर एक जरी चूक आली तर घरी बसायचं. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस विसरतो.

त्या दिवशी चौथी इमारत सरांची होती. सर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, सहाव्या मजल्यावर राहणारे. त्यांची बायको त्याच शाळेत गणित शिकवायची, म्हणून इमारतीत सर आणि बाई अशीच त्यांची ओळख होती. सरांचे सकाळपासून तीन फोन झाले होते. लिफ्ट कालपासून ठप्प होती आणि बाई दीड महिन्यानंतर दवाखान्यातून चाकाच्या खुर्चीत घरी यायच्या होत्या, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. काहीही करा पण तोपर्यंत चालू करा, असं सरांनी तिन्ही वेळा सांगितलं.

लिफ्ट जुन्या पद्धतीची. आत ओढायचं जाळीचं दार आणि बाहेर प्रत्येक मजल्याला उघडायचं लाकडी दार. जाळी आणि बाहेरची सगळी दारं नीट लागली असतील तरच लिफ्ट हलते. एखाद्या दाराच्या खटक्यात बिघाड झाला, की दार लागलेलं असूनही लिफ्टला ते उघडं वाटतं आणि ती जागची हलत नाही. असा बिघाड कुठल्या मजल्यावर आहे हे शोधायचं तर वरच्या खोलीत पेटीमध्ये एक वायर जोडायची. ती जोडली की लिफ्टला वाटतं, बाहेरची सगळी दारं बंद आहेत. थोडक्यात, ती वायर म्हणजे लिफ्टला सांगितलेलं खोटं. काम होईपर्यंत सांगायचं आणि मग न चुकता मागे घ्यायचं.

मेकॅनिककडे अशा पाच वायरी होत्या, लाल, दोन्ही टोकांना चिमटे लावलेल्या. आणि ज्या उस्तादानं त्याला हा धंदा शिकवला त्यानं वायरीबरोबर एक रीतही शिकवली होती. वायर लावली की खिशातला रुमाल डाव्या मनगटाला बांधायचा. वायर काढली की रुमाल सोडायचा. मधल्या वेळात घाम डोळ्यांत उतरला तरी रुमालाला हात लावायचा नाही. कंपनीच्या कागदावर यासाठी सहीचा एक रकाना होता, पण तो सगळे सकाळीच एकदम भरून ठेवत. मेकॅनिकचा भरवसा रुमालावर होता. अठ्ठावीस वर्षांत रुमालानं त्याला कधी दगा दिला नव्हता.

त्यानं वायर लावली, रुमाल बांधला आणि सहाव्यापासून खाली एकेक दार तपासत निघाला. बिघाड निघाला दुसऱ्या मजल्यावर. खटक्याची पट्टी झिजून वाकली होती. ती सरळ करून, घासून, बसवून तो पुन्हा सगळे मजले चढून गच्चीवर आला तेव्हा उजवा गुडघा आतून कुरकुरत होता आणि डोळ्यांपुढे जरा अंधारल्यासारखं झालं होतं. वर मशीनच्या खोलीच्या दाराशी सर उभे होते, हातात चहाचे दोन कप घेऊन.

लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला चहा मिळतो, नाही असं नाही. पण तो खाली पहारेकऱ्याकडे पाठवलेला असतो, झाकणानं झाकून. स्वतः कप घेऊन गच्चीवर आलेला, आणि स्वतःसाठीही कप आणलेला माणूस त्यानं पहिल्यांदा पाहिला. सरांनी त्याला टाकीच्या कडेवर बसवलं. तो अवघडला. हात काळे होते, ते गच्चीवरच्या नळाखाली धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि मग कोणाच्या घरी पाहुणा म्हणून गेलेला माणूस करतो तसं मनगटाचा रुमाल सोडून त्यानं तोंड पुसलं. रुमाल खिशात गेला. त्या वेळी त्याला काहीसुद्धा वाटलं नाही.

सर बोलत होते. बोलायला माणूस मिळाला की थांबणं त्यांच्या हातात नसे, आणि दीड महिना त्यांना दवाखान्यातल्या बाकाखेरीज फारसं कोणी मिळालं नव्हतं. बाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि मग अंगात ताप शिरला. त्या तापात त्यांना नाही नाही ते दिसायला लागलं. छतावर मुंग्या, पलंगाखाली मांजर. रात्रंदिवस त्या नसलेल्या माणसांशी भांडत होत्या. आयुष्यभर पोरांच्या बेरजा तपासलेली बाई, असं म्हणून सर थांबले आणि त्यांनी चहाकडे बघितलं. आता सगळं निवळलं होतं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुन्हा भलतंसलतं काही दिसलं किंवा भासलं तर एक तासही घरी ठेवायचं नाही.

मग विषय बदलावा म्हणून असेल, सरांनी त्याला एक प्रश्न विचारला. निवृत्त लोकांचं त्यांचं एक मंडळ होतं, आठवड्यातून एकदा कोणीतरी एका विषयावर बोलायचं. या वेळी पाळी सरांची. विषय असा, की कुठल्या आधुनिक शोधानं माणसाचं रोजचं जगणं सगळ्यात जास्त बदललं. त्यांनी म्हणे सगळ्या इमारतीला विचारलं होतं. तरुण मंडळी मोबाईल म्हणाली. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी कपडे धुण्याचं मशीन म्हणाल्या आणि वर, त्याला काय विचार करायचा, असंही म्हणाल्या. पहारेकरी म्हणाला पाण्याची मोटर, कारण दिवसातून चारदा ती त्यालाच चालू करावी लागते. तुम्हाला काय वाटतं, सरांनी विचारलं.

मेकॅनिकला काय वाटतं हे कोणी विचारल्याला किती वर्षं झाली होती, देव जाणे. तो म्हणाला, लिफ्ट. सर हसले, तुम्ही तेच म्हणणार. ते त्याला जरा लागलं. मग तो बोलायला लागला, आणि स्वतःलाच नवल वाटावं इतकं बोलला. पूर्वी वरच्या मजल्यावर राहायला कोणी धजत नसे, तिथे बिचारे ज्यांना खाली जागा मिळाली नाही ते राहत. आता वर राहतो तो मोठा माणूस. लिफ्ट आली आणि माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहायला लागली. सहाव्या मजल्यावर पलंग टाकून तुम्ही निवांत झोपता सर, ते कशाच्या जोरावर? आणि आज लिफ्ट नसती तर बाईंना घरी आणता आलं असतं का?

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, हे मी बोलणार आहे, तुमचा दाखला देऊन. माणसाला सहा मजले चढवून वर हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, तर त्याचे पाय जमिनीला कसे लागणार? मेकॅनिक तरंगतच आत गेला. बटणं दाबून पाहिली, लिफ्ट लोण्यासारखी खाली गेली आणि वर आली. त्यानं पेटी बंद केली, खोलीला कुलूप लावलं, चावी खिशात घातली आणि ती खिशात आहे याची दोनदा खात्री करून घेतली. चावीचा धडा तो शिकला होता.

घरी पोचला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. त्याची बायको शिलाईच्या कारखान्यात दिवसभर कॉलर जोडायची, तीही नुकतीच आलेली. दोघांचीही बोलायची ताकद संपलेली असे या वेळी. एक जण पाण्याचं भांडं पुढे करी, दुसरा ते घेई, आणि तेवढ्यात दिवसाची विचारपूस उरकून जाई. मेकॅनिकनं पिशवी टेबलावर रिकामी केली आणि खुर्चीत बसून पाय लांब केले. हत्यारांना लागलेलं तेल बायको टेबलाला लागू देत नसे, म्हणून ती कापड घेऊन आली. सगळ्या वस्तू तिला तिच्या चमच्यांसारख्या पाठ होत्या.

"एक लाल वायर कुठे आहे?" ती म्हणाली.

तो म्हणाला, असेल पिशवीत. तिनं पिशवी उलटी करून झटकली. मग त्यानं झटकली. मग त्यानं खिसे पाहिले, आणि खिशातून रुमाल निघाला. घडी केलेला नव्हता, पिळलेला होता. तोंड पुसल्यावर पिळून ठेवलेला. मेकॅनिक त्या रुमालाकडे बघत राहिला. गच्ची, नळ, चहा, सगळं त्याला एका दमात आठवलं. आठवलं नाही ते एकच, वायर काढल्याचं. कारण ती त्यानं काढलीच नव्हती.

त्यानं पहारेकऱ्याला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. सरांना लावला, तोही कोणी उचलला नाही. कंपनीचा नंबर बोटाखाली होता. तिथून दुसऱ्या कोणाला पाच मिनिटांत पाठवलं असतं असंही नाही, पण फोन नोंदवला मात्र गेला असता. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं, कारण दोन महिन्यांपूर्वी चावीच्या वेळी तिनं हाच चेहरा पाहिला होता.

"गुपचूप काढून या," ती म्हणाली. "कोणाला सांगत बसू नका. माझ्या एकटीच्या पगारात आपलं भागायचं नाही."

यात तिचं काय चुकलं? त्यालाही तेच वाटत होतं. तो नुसत्या चपला अडकवून खाली धावला आणि स्कूटर काढली. वाटेत प्रत्येक चौकात त्याला चाकाची खुर्ची दिसत होती, एक चाक आत आणि एक बाहेर. जाळीचं दार मधे आहे, तेवढ्यानं निभावेल, असं तो स्वतःला समजावत होता. आणि जाळी लावलेली असताना बाहेरचं दार उघडं राहिलं तर काय होईल, हेही त्याला दुसऱ्या कोणापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

खाली शुकशुकाट होता. लिफ्ट सहाव्या मजल्यावर उभी असल्याचा दिवा लागलेला. त्यानं आधी खाली मीटरच्या फळीवरचा मुख्य खटका ओढला, दिवा विझला. मग पहारेकरी आला, पाण्याच्या मोटरीकडून, ओल्या हातांनी. मेकॅनिकनं त्याला विचारलं, बाई आल्या का. पहारेकरी म्हणाला, केव्हाच, पाऊण तास झाला. लिफ्ट बरी चालली ना? झकास चालली, पहारेकरी म्हणाला, पण तुम्ही परत बंद का केलीत? मेकॅनिकनं सांगितलं, एक शेवटचं तपासायचं राहिलं होतं. आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. कोणाला काही झालं नव्हतं. जिवात जीव आला होता. आता फक्त वर जायचं, वायर काढायची आणि घरी जाऊन पाठ टेकायची.

सहा मजले. प्रत्येक वळणावर कठड्याला धरून तो थांबला. गच्चीवर जाऊन त्यानं पेटी उघडली तर लाल वायर आपली निमूट दोन्ही चिमट्यांनी धरून बसली होती, सांगितलेलं काम करत. त्यानं ती काढली आणि खिशात कोंबली. एवढ्यासाठी माणसाचं आयुष्य टांगणीला लागावं, असं काही तिच्यात नव्हतं. वीतभर वायर.

खाली उतरताना सहाव्या मजल्यावर सरांचं दार सताड उघडं होतं. सर दारातच फोन कानाला लावून उभे होते. त्यांनी त्याला पाहिलं आणि हातानंच थांबवलं. फोनवर ते, हो डॉक्टर, हो, सामान अजून सोडलेलंसुद्धा नाही, असं म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी मेकॅनिकचा दंड धरला. दुपारी चहा घेऊन आलेला माणूस हा नव्हताच. पाऊण तासात सर दहा वर्षांनी म्हातारे झाले होते.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "तुमचं ऐकेल ती. तिला पुन्हा भास व्हायला लागलेत. दवाखान्याची गाडी निघालीय, पण ती जायला तयार नाही."

बाईंना म्हणे लिफ्टमध्येच भास झाला. बाहेरचं दार उघडं असताना लिफ्ट वर निघाली, असं त्या म्हणत होत्या. सरांनी परोपरीनं समजावलं. दार उघडं असताना लिफ्ट हलूच शकत नाही, हे त्यांनी स्वतः तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं, फळ्यावर आकृती काढून. आणि आजच तर दुरुस्त केलेली लिफ्ट. आता तुम्ही एवढं सांगा, सर म्हणाले, ज्यानं दुरुस्त केली त्याच्याच तोंडून ऐकू दे तिला.

मेकॅनिकचा हात खिशात होता आणि खिशात वायर होती. त्याला सरांच्या घरात शिरायचं नव्हतं. पण माणूस दंड धरून नेत असेल तर काय करणार?

बाई खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. हाडं आणि डोळे, एवढंच राहिलं होतं त्यांचं. दाराशी दवाखान्यातून आलेली बॅग, बांधलेलीच. स्वागतासाठी घर आवरलेलं दिसत होतं, पलंगावर नवी चादर घातलेली आणि तिला एकही सुरकुती पडलेली नव्हती. बाईंनी मेकॅनिककडे पाहिलं आणि शाळेत उशिरा आलेल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, की तुम्ही कोण. त्यानं सांगितलं.

खरं तर त्यानं तिथेच सरांनी सांगितलेलं वाक्य म्हणून टाकायचं होतं आणि निघून जायचं होतं. लिफ्ट उघड्या दारानं हलत नाही, हे वाक्य उद्यापासून खरंच असणार होतं. आत्ताही खरं होतं, दहा मिनिटांपासून. पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"बाई, तुम्हाला नेमकं काय दिसलं?"

दीड महिन्यात त्यांना असं कोणी विचारलं नसावं. काय दिसतंय ते सगळे त्यांना सांगत, विचारत नसत. बाईंनी खुर्चीच्या हातावर पंजा पालथा ठेवला आणि एकेक पायरी मांडत उदाहरण सोडवावं तसं सांगितलं. दवाखान्याच्या माणसानं खुर्ची आत घेतली. त्यांचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं. त्या माणसानं जाळी ओढून लावली आणि तो बटण दाबायला वळला. सर अजून बाहेर होते, टाचेनं लाकडी दार अडवून, पाठ लिफ्टकडे करून बॅग उचलत होते.

"बाहेरची फरशी खाली गेली," बाई म्हणाल्या. "चार बोटं. जास्त नाही. आणि ह्यांचा पाय मागे येत होता. जाळी आहे की नाही हे न बघता ते मागे मागे येत होते. मी ओरडले. तो माणूस दचकला, त्यानं जाळी परत उघडली, तेव्हा लिफ्ट थांबली."

दवाखान्याचा माणूस म्हणाला होता, की बाई घाबरल्या. सर वळले होते, चार बोटं उंच लिफ्टमध्ये पाय टाकून चढले होते, आणि ही लिफ्ट नेहमी अशीच खालीवर थांबते असं म्हणाले होते.

"मी पाऊण तास स्वतःशीच भांडतेय," बाईंचा आवाज आता बारीक झाला. "मुंग्या मला खऱ्याच वाटल्या होत्या. हेही तसंच असेल. तुम्ही सांगा, नाही हलत ना? तसं असेल तर मी जाते. पण मग यापुढे मी माझ्या डोळ्यांचं काहीच खरं धरायचं नाही का?"

सर मान हलवून मेकॅनिकला खूण करत होते, सांगा, सांगा. खाली रस्त्यावर एक गाडी थांबल्याचा आवाज झाला, पण ती दवाखान्याची नव्हती, पुढे गेली.

मेकॅनिकला फार थकल्यासारखं झालं. गुडघ्यांचा थकवा त्याला पाठ होता, हा वेगळा होता. साहेबांचा न चढलेला आवाज त्याला ऐकू आला. त्रेपन्न वर्षांच्या मेकॅनिकला दुसरीकडे कोण घेतं, हेही आठवलं. बायको आठवली, टेबलाशी कापड घेऊन उभी असलेली. गप्प राहिलं तर कोणाचं काय जाणार होतं? बाई काही दिवस दवाखान्यात राहिल्या असत्या, आणि मग परत आल्या असत्या. आल्या असत्या, पण कशा? त्यानं बाईंच्या पालथ्या पंजाकडे पाहिलं. त्या तो खुर्चीच्या हातावर दाबून धरत होत्या.

त्यानं खिशातून वायर काढली आणि टेबलावर ठेवली.

"लिफ्ट हलली होती, बाई," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर पाहिलंत. ही वायर मी काढायला विसरलो. ती असली की दार उघडं असलं तरी लिफ्ट चालते. आता काढली, पण तुम्ही आलात तेव्हा होती."

सर वायरीकडे बघत होते. मग ते खाली बघायला लागले, स्वतःच्या उजव्या पायाकडे. त्यांनी तो पाय किंचित मागे नेला, जसा तो जात होता तसा, आणि पटकन पुढे घेतला. शेजारच्या खुर्चीची पाठ चाचपून ते बसले.

"मी मागे पाय टाकत होतो?" त्यांनी बायकोला विचारलं.

"टाकतच होतात," बाई म्हणाल्या. आणि मग इतका वेळ धरून ठेवलेलं त्यांना रडू आलं. त्या आवाज न करता, तोंड न झाकता रडल्या. रडता रडताच त्यांनी मेकॅनिकला सांगितलं, परत एकदा सांगा, ह्यांना नीट ऐकू दे. त्यानं परत सांगितलं.

सर भानावर आले ते रागानं. दुपारी गोड बोलणारा माणूस असा चिडतो तेव्हा बघवत नाही. तुमच्या हलगर्जीपणानं आज माझा जीव गेला असता, ते म्हणाले, आणि हिला मी वेडी ठरवून परत पाठवत होतो. मला कंपनीला लिहावं लागेल, हे तुम्हाला कळतंय ना? मेकॅनिक म्हणाला, लिहा. त्याला खरंच तसं वाटत होतं. तो उभाच होता, कारण बसला असता तर उठता आलं नसतं.

"नंतर लिहा," बाई म्हणाल्या. "आधी डॉक्टरांना फोन लावा. गाडी यायच्या आत."

सरांनी लावला. तिला काही झालेलं नाही, लिफ्टच हलली होती, असं ते सांगू लागले आणि मधेच थांबले. पलीकडून बोलणं चालू होतं, समजुतीच्या सुरात, लांबलचक. असं नातेवाइकांना वाटतं, जवळच्या माणसाचं म्हणणं पटवून घ्यावंसं वाटतं, पण धोका पत्करता येणार नाही. सर नाही हो, तसं नाही हो, एवढंच म्हणत राहिले. पाऊण तास ते जे बाईंना ऐकवत होते, ते आता त्यांना कोणीतरी ऐकवत होतं. शेवटी त्यांनी फोन कानावरून काढला आणि मेकॅनिकपुढे धरला.

"तुम्हीच सांगा," ते म्हणाले. राग ओसरून आवाजात नुसती विनवणी उरली होती. "माझं खरं वाटत नाही त्यांना."

मेकॅनिकनं फोन घेतला. डॉक्टरांनी विचारलं, कोण बोलतंय. त्यानं आपलं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. कंपनीचं नाव सांगितलं. दुपारी किती वाजता वायर लावली आणि संध्याकाळी किती वाजता काढली ते सांगितलं, आणि विसरलो हा शब्दही गिळला नाही. बाई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. पलीकडून डॉक्टर म्हणाले, थांबा, हे मला लिहून घेऊ द्या, पुन्हा सुरुवातीपासून सांगा. तेव्हा त्यानं आपल्या नावापासून सगळं पुन्हा, सावकाश सांगायला घेतलं.